एकवीसची बाटली

शाब्लीत ओदील तळघराचं दार
खांद्यानं ढकलते. हात मोकळे नसतात.

एकवीसच्या एप्रिलात दव गोठलं.
ओळीओळीत मेणाचे डबे पेटवले रात्रभर,
तरी सकाळी कोंब काळे,
चिमटीत तंबाखूसारखे चुरणारे.
उरलं ते चार पिंपांत मावलं. खरं तर साडेतीन.
त्या साली तिनं ढवळायची काठी खुंटीवरून काढलीच नाही.
तळाचा गाळ निजू दिला.
आंबट आहे, तर आंबट राहू दे, म्हणाली.

बावीस वेगळं. ऊन असं की साली करपाव्यात.
वेलींची पूर्वेची पानं खुडली, पश्चिमेची ठेवली,
आणि तोडणी आठवडाभर आधी,
पहाटे, कपाळाला दिवे बांधून.
बाप, गास्पार, कुरकुरला: पिकू दे अजून.
ओकची नवी पिंपं आण, जरा लोणी उतरू दे चवीत.
तिनं जुनीच धुतली.

आता दोन पेले.
एकवीसला ओल्या शिंपल्याचा वास,
बावीसला नासपतीचा, अंगानं थोडं जड.
गास्पार दोन्ही चाखतो, बादलीत थुंकतो,
पुन्हा एकवीसकडे हात नेतो.
बोलत काहीच नाही.

या खेपेला थुंकतही नाही.