मुंढा

चोपड्यात बेचाळीस वर्षं मापं घेतली.
छाती, पोट, बाही,
आणि मुंढा, जिथं हात अंगाला जोडला जातो.
मुंढा चुकला की सदरा माणसाला
दिवसभर शिव्या घालतो.

गेल्या वैशाखात माझाच सदरा
उजव्या काखेत काचू लागला.
म्हटलं, कापताना पाव इंच गेलं हातून.
उसवला, दाब सोडला, पुन्हा शिवला.
पंधरवड्यात पुन्हा तेच.

चूक हाताचीच वाटणार ना.
बोटं आधीच रुसलेली:
सकाळी कात्रीच्या कडीत अंगठा शिरत नसे,
चहाची बशी दोन्ही तळव्यांत धरायची,
पायटा मारला की गुडघे मशीनच्याही आधी कुरकुरायचे.
वय झालं, सगळे म्हणाले. मीही म्हणालो.
निर्गुडीचा शेक, एरंडेल,
उनपदेवच्या ऊन धारेखाली पाच रविवार.
सांध्यासांध्याची विचारपूस झाली
आणि गाठ बसलेली इथं, बाहीच्या सावलीत.
काखेत कळसा…
पुढचं कोकिळा बोलली नाही.
एवढंच म्हणाली, "डॉक्टरले दखाडी या."

तापीचा पूल ओलांडून जळगाव.
डॉक्टरीणबाई माझ्या धाकटीच्या वयाची.
दोन बोटांत गाठ धरून तिनं पाहिली,
जसं मी कापड पाहतो, सुताचं की भेसळीचं.
मग चिंधीएवढा तुकडा काढून
मुंबईला पाठवला, नमुन्याला.

महिन्याने नाव आलं. कुणा परदेशी साहेबाचं,
जिभेला न बसणारं.
लाखात एखाद्याला होतो, ती म्हणाली.
लाखात एक हे मी आजवर
स्थळांच्या बाबतीतच ऐकलं होतं.
"कॅन्सर ते नही ना?" कोकिळा.
"नाही. पण गल्ली तीच."
"आनि बोटंस्नं काय?"
ती थोडं थांबली.
"बहुधा याचंच. नक्की सांगता येत नाही."
तिचं ते न सांगता येणं
मला इतरांच्या खात्रीपेक्षा
नीट शिवलेलं वाटलं.

आता दर तीन आठवड्यांनी सलाईन.
वहीत माझ्या पानावर
डावा मुंढा, उजवा मुंढा वेगवेगळे लिहिलेत.
कात्री भाचा चालवतो. टेप अजून माझ्याकडे.
म्हातारं गिऱ्हाईक आलं की
ती काखेशी जरा रेंगाळते.
"इथं काचतं का?"
लोक हसतात, गुदगुल्या होतात म्हणतात.
होऊ देत.