कूलरचं गवत बदलताना

बंद नको करू, चालू राहू दे टीव्ही.
मी मागून फिरतो, तुले आड नाई येत.
एवढा पंप काढतो, गवत बदलतो, का झालं.
शेवटचा भाग हाये ना तो?
मले मालूम हाये. आता जहाज येईन
अन् तो त्याच्यात बसणार नाई.

अशी काय पाहून राहिली, श्रावस्ती?
कूलरवाल्याचा सीझन चारच महिने राहते.
मार्च ते जून डोक्शावर ऊन, खांद्यावर शिडी,
मंग नवतपा सरला, का आपण रिकामे.
जुलैपासून मी सक्करदऱ्याच्या खोलीत
पोराच्या जुन्या फोनवर, तडा गेलेल्या काचेतून
सगळे राज्य पाहून बसलो.
खालची इंग्रजी आधी हातीच लागत नव्हती,
ओळ यायची न निघून जायची.
आता येते. राक्षसाची तं पाठ झाली.

तुया मैत्रिणी सांगतीन, हे आवडलं? मंग हे पाह्य.
याच्यात ड्रॅगन, त्याच्यात ड्रॅगन.
याच्यात जादूची शाळा, त्याच्यातबी शाळाच.
तलवारीले तलवार जोडून देते लोक,
जसा दुकानदार पंप पाहून पंप देते,
टाकी किती खोल हाये, विचारत नाई.

मी विचारतो.
कोणती जागा तू मागं घेऊन घेऊन पाह्यली?

लढाई नाई ना. मले वाटलंच.
तो घरी येते, दारात जोडे काढते,
अन् मंग ध्यानात येते त्याच्या,
का 'आलो' म्हणाले आत कोणी नाई.
तीनदा?
बरं. मंग तुले ड्रॅगन नाई पाहिजे.

तुले ते पाहिजे, डोंगर चालते ते.
एक डोंगर दुसऱ्या डोंगराले भेटाले निघते,
चोवीस भागात एक कोस जाते.
त्याच्या अंगावरच्या गावाले पत्ताच नाई.
फक्त एक म्हातारी, सकाळी
बादलीतलं पाणी कोणत्या बाजूनं सांडलं ते पाह्यते
अन् म्हणते, रात्री जरासे चाललो वाटते.
आठव्या भागापर्यंत कंटाळशीन. सोडू नको.

नाईतं ते टोलनाक्यावालं.
दोन जगाच्या मधात नाका, नाक्यावर चेटकीण.
पावती फाडते, पण पैसे नाई घेत,
एक वास घेते. ज्याचा त्याचा.
कोणी नव्या वहीचा देते, कोणी घोड्याचा.
एका पोराजवळ देण्यासारखा एकच हाये.
तो तिथंच बसते, नाक्यापाशी, पूर्ण सीझन.
शेवट नाई सांगत.
मले तं राग आला होता. दोन दिवस धड जेवलो नाई.

भूतबीत मागशीन तं तेबी हाये लय,
पण तू काय भेशीन त्याइले!
महालातल्या गल्लीत बापाच्या खांद्यावरून
तू पिवळी मारबत पाह्यली असशीन, दुसऱ्या मजल्याएवढी.
आपल्याइथं राक्षसीण वाजतगाजत निघते,
घराघरातला खोकला न ताप घेऊन जाते.
असं त्या लोकाइले अजून सुचलं नाई,
निदान म्या पाह्यलं त्याच्यात तरी.

मॅडम येऊन राहिल्या. पुस्तक घे मांडीवर.
उलटं हाये. सुलटं कर.

मी? मी कोणती जागा मागं घेतो?
हसशीन तू.
एका लढाईत, मधात राजा मरून राहिला,
अन् कोपऱ्यात एक माणूस हाये.
नाव नाई त्याले, आवाज नाई,
घोड्याइले पाणी पाजून राहिला.
चार सेकंद. पुन्हा दिसत नाई तो.
पण तिकडे कोणीतरी टेबलापाशी बसून
त्याच्या बादलीतलं पाणी हलतं काढलं.
हलतं! कोणी सांगतलं होतं त्याले?
पाणी नुसतं निळं रंगवलं असतं
तं कोणाले दिसलं असतं?

आण, तो पाइप दे इकडे.
आता बटण दाब. आधी पंप, मंग पंखा,
नाईतं नुसती झळ येते तोंडावर.
हां.
आला का वास, ओल्या गवताचा?
नाक्यावर विचारलं तं हा देऊ नको.

साडेचारशे झाले, म्हणा मॅडमले.
अन् पाह्य तिकडे,
जहाज आलं.