सामाईक भिंत

मिरजेत आम्हाला कुणी विचारलं, कुठले तुम्ही,
तर आम्ही गल्ली सांगत नाही, फाटक सांगतो.
अलीकडे मिशनचा दवाखाना, पलीकडे रेल्वेच्या चाळी.
अलीकडे उपासना, पलीकडे मिस्सा.
अलीकडचा क्रूस रिकामा, सागवानी, पॉलिश केलेला,
पलीकडच्या क्रूसावर तो अजून टांगलेलाच.

आई अलीकडची. सुनीती शांतवन आवळे,
बायकांच्या वॉर्डातली स्टाफ नर्स.
तिचे आजोबा कवठ्याकडून दुष्काळात आले,
भाकरीसाठी आले की शुभवर्तमानासाठी
हे लोकांनी विचारायचं, आणि आम्ही ऐकून घ्यायचं.
पपा पलीकडचे. कायतान लोबो, मालगाडीचे गार्ड.
त्यांचे आजोबा लोंढ्याहून कोळशाच्या इंजिनाबरोबर आले,
त्यांना कुणी काही विचारलं नाही.

लग्न सांगलीला, रजिस्ट्रारच्या टेबलावर.
दोन्ही पाद्री त्या दिवशी नेमके परगावी होते म्हणे.

जेवणाआधीची प्रार्थना एकच,
फक्त आईच्या प्रार्थनेला शेवटी एक ओळ जास्त,
राज्याची, सामर्थ्याची.
पपा तोवर आमेन करून बांगड्याच्या कालवणाकडे वळलेले.
त्या एका ओळीएवढा वेळ
मी दोघांकडे आळीपाळीने बघत बसायची,
भूक लागलेली असायची.

आईच्या चर्चमध्ये तबला, पेटी, ओवीच्या चालीतली गीतं.
पपांच्या चर्चमध्ये व्हायोलिन, आणि कोंकणी,
जी मला निम्मीच कळायची.
आईच्या दाखल्यावर हिंदू महार,
पपांच्या दाखल्यावर रोमन कॅथलिक.
माझ्या रकान्यात गुरुजींनी थोडा विचार केला
आणि एक आडवी रेघ ओढली.

नगरसेवकाला मात्र आम्ही एकच:
ख्रिश्चन, सहाशे चाळीस.
नाताळात तो दोनदा केक कापायचा,
फाटक पडलेलं असलं तर
दुसऱ्या केकला उशीर.
मग प्रभागांची नवी हद्द आली
आणि नकाशावरची शाई बरोब्बर रुळांवरून गेली.
कुणीतरी अभ्यास केला होता आमचा.
तीनशे अलीकडे, तीनशे चाळीस पलीकडे,
आता कुणाच्याच बेरजेत नाही आम्ही.
केक हल्ली स्वतःच आणतो.

दफनभूमी संस्थानाच्या काळातली, एकच.
मधली भिंत नंतरची.
गेल्या मार्चात महापालिकेची नोटीस आली,
नाल्याच्या कामात भिंत जाणार.
तेव्हा मी पहिल्यांदाच पाहिलं,
पंच आणि पॅरिश कमिटी एका सतरंजीवर,
चहात कुणाला साखर किती हे एकमेकांना विचारताना.
भिंत पाडू नये, यावर सगळ्यांचं एकमत.
अर्ज लिहायला मला बोलावलं,
मला म्हणे दोन्हीकडचं कळतं.

मी लिहिलं:
सदर भिंत ही उभय समाजांची सामाईक
आणि पेन अडलं.
ठेव म्हणू? वारसा?
लोखंडे पाळक म्हणाले, मालमत्ता लिही.
फादर म्हणाले, भावना.
मी दोन्ही लिहिलं, मधे स्वल्पविराम.
चारशे अकरा सह्या झाल्या,
एकाच कागदावर, एकाखाली एक.

काम थांबलं. भिंतीला चुना मारला,
वर्गणीत दोन्ही बाजूंचा वाटा सारखा.

आईपासून पपांपर्यंत चौदा पावलं.
हा माझा हिशेब, अंदाजाने.
सात पावलांनंतर भिंत लागते,
मग बाहेरून, रस्त्याने, वळसा घालून,
दुसऱ्या फाटकातून उरलेली सात.
फुलं मी दोन वेगळ्या पिशव्यांत नेते.
एकाच पिशवीतली नेली असती तर काय झालं असतं,
ते आता आठवत नाही.

बाबालाल दोन्हीकडचे खड्डे खणतो.
त्याचा बापही खणायचा.
परवा फावड्याला टेकून म्हणाला,
ताई, राग मानू नका,
तुमची जागा कुठल्या अंगाला?
सांगून ठेवा आपलं.
खाली मुरूम आहे,
ऐन वेळी लई त्रास होतो.