हजेरीपटावरचा घोडा

मंडळाच्या पहिल्या वहीत वरचं अर्धं पान उर्दूत,
खालचं मोडीत,
आणि मध्ये, दोन्हीकडच्यांना वाचता यावा म्हणून,
एका नालाचा ठसा.

रिसाला उठून गेला तेव्हा मोमिनाबादच्या पागांतली
उंच घोडी लिलावात खपली.
तट्टांवर कुणी बोलीच लावली नाही.
आखूड मान, रुंद पुठ्ठा,
कुसळाच्या गवतावर दिवस काढणारी जात.
मैनोद्दीन नालबंद म्हणाला, नाल मी फुकट ठोकतो.
केरबा शिंगाडे म्हणाला, मेंढरांमागं चालतील,
पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या,
कोंबड्यांच्या शेजारी पोर.
एवढ्यावर मंडळ झालं.
वर्गणी सालाला आठ आणे
नाहीतर पायलीभर हरभरा.
जमा बाजूला हरभराच दिसतो.

रकाने आखले. नाव, रंग, मुठी, भोवरे, आई, बाप.
भोवऱ्यांवरून पहिलं भांडण.
एका कुमैत घोडीच्या डोळ्याखाली भोवरा होता,
आसूढाळ; ती पैदाशीत नको, असं ठरत आलेलं.
सोजरबाई गित्ते उंबऱ्याबाहेर बसून ऐकत होती.
म्हणाली, द्या माझ्याकडं.
माझ्या घरात आता मरायचं कोण राहिलंय?
त्या घोडीनं नऊ शिंगरं दिली.
आज कुठलीही वंशावळ मागं ओढत न्या,
सोजरबाईच्या दावणीला येऊन अडकते.
दुसऱ्या वहीत भोवऱ्यांचा रकाना नाही.
कुणी काढला, ते लिहिलेलं नाही.

मग बहात्तर.
घोड्या विकल्या, काही सोडून दिल्या, काहींचं
वहीत नुसतं नाव आहे आणि पुढं रेघ.
घोडा एकच उरला. सब्जा. दर्या.
घाटात खडी फोडायचं काम निघालं,
तिथं तो बायांना पाणी पुरवायचा, दिवसाला वीस खेपा.
मुकादम विश्वंभर लोमटे मंडळाचा खजिनदार.
त्यानं हजेरीपटावर लिहिलं :
दर्याजी सब्जे, वय अठ्ठावीस, अंगठा.
अंगठा रोज वेगळ्या सभासदाचा.
मिळालेला लाल मिलो रोज त्याच तोबऱ्यात.
मग एक दिवस साहेब तपासणीला आला,
उन्हात उभा राहून एकेक नाव पुकारू लागला.
दर्याजी सब्जे!
टाकीच्या सावलीतून घोडा खिंकाळला.
साहेबानं चष्मा काढला, पुसला, घातला,
आणि नावापुढं टिंब दिलं. हजर.
पुढच्या सभेचा ठराव क्रमांक तीन :
सदर लबाडीस मंडळ एकमताने मंजुरी देत आहे.

मी सातवा चिटणीस. गुरांच्या दवाखान्यातला निवृत्त कंपाउंडर.
आमची गणसंख्या भरत नाही,
म्हणून सभा अर्धा तास तहकूब करतो
आणि त्याच चटईवर तीच सभा पुन्हा सुरू करतो.
त्या अर्ध्या तासात चहा होतो.
लग्नवाल्यांना उंच घोडी पाहिजे, नाचणारी;
आमचं तट्टू बघून हसतात,
नवरदेवाचे पाय जमिनीला लागतील म्हणतात.
लागू द्या की.

मैनोद्दीनची नात फरजाना बँकेत आहे,
रविवारी येऊन खूर कापते, पर्समध्ये कानस ठेवते.
शिंगाड्यांचा मोतीराम अजून मेंढरं घेऊन हिंडतो,
मध्येच कुठल्या तरी माळावरून फोन करतो :
घोडी माजावर आलीय, काय करू?
आणि मी या वयात एस्टीतून उतरून
घोडा घेऊन नऊ कोस चालत जातो.

काल रात्री तीनला शिंगरू झालं.
बॅटरी मी धरली होती, हात थरथरत होता.
फरजानानं ओढणीनं त्याच्या नाकातला चिकटा काढला.
मी तिथंच वही उघडली.
आई : लिहिलं. बाप : लिहिलं.
रंग कोरा ठेवला, पहिली लव गळाल्याशिवाय खरा कळत नाही.
मुठी मोजायला वाकलो तर म्हणाली,
थांबा की चाचा,
उभं तरी राहू द्या.