ओ

वडगावात, आमच्या बोळात, बोलायचं म्हणजे ओरडायचं.
चन्नाप्पाचे बारा माग, पलीकडं होसूरकरांचे आठ.
भिंतीत खटखट, जेवणाच्या ताटात खटखट,
भरल्या कळशीत पाण्यावर बारीक सुरकुत्या.
मी कांड्या भरते.
एका कांडीला किती मिळतात ते सांगत नाही, हसाल.

सोमवारी कपिलेश्वराला जायची.
रांगेत उभी राहून मनात म्हणायची,
सगळ्यांना बोलावतोस म्हणे तू,
मला एकदा हाक मार की.
घंटा वाजायची.
मागची बाई म्हणायची, सरका पुढं.
सरकायची.

त्या आठवड्यात रोज अकराला लाईट जायची.
वीसच्या वीस माग एका दमात गप्प.
कान सुन्न. खरं त्या सुन्नपणातही
एक खटखट उरायचीच.
मंगळवारी वाटलं, डोक्यातली असेल,
आमच्या डोक्यातही एक माग चालूच असतो.
बुधवारी पुन्हा.
गुरुवारी कांडी खाली ठेवली, भिंतीला कान लावला.
ताटलीवर चमचा.

बसलिंगव्वा.
अंगावरून वारं गेल्यापासून
तिची उजवी बाजू तिची राहिली नव्हती,
आणि मराठीही.
नळावर वीस वर्षं माझ्याशी मराठीत भांडलेली बाई
आता तेवढी आईच्या बोलीत बोलायची.
सून उद्यमबागला, पोरगा टेम्पोवर,
दिवसभर ती आणि ती ताटली.

पदर खोचून गेले. चिडूनच गेले.
लाईट आली की कांड्या कमी पडणार.
"बा," म्हणाली. ये. तेवढं कळतं मला.
पाणी धरलं, तोंड फिरवलं.
कूस बदलली, मान हलवली.
डावा हात गळ्याशी, उशीखाली, परत गळ्याशी,
मी तुटल्या धाग्याचं टोक शोधते
तसा.

मग दिसलं.
शिवदारा तुटलेला,
आणि कापडात गुंडाळलेलं तिचं लिंग
पाठीखाली, गोधडीच्या घडीत.
तीन दिवस देव तिच्या अंगाखाली
आणि तिचा हात पुरत नव्हता.

थबकले.
दुसऱ्याच्या देवाला शिवावं का?
आमच्यात विचारतात असं. त्यांच्यातही विचारतात.
"शिवू?" म्हटलं.
तिला कळलं की नाही कोण जाणे,
तिनं तळहात उघडला.
पदरात धरून उचललं, तळहातावर ठेवलं.
हलकं होतं.
मला वाटलेलं, जड असेल.

मग दोऱ्याची दोन टोकं. ते मात्र माझं काम.
सवयीनं बोट जिभेकडं गेलं,
आठवलं, लुगड्याला पुसलं.
दिवसाला दोनशे वेळा मारते तीच गाठ मारली,
मागात अडकत नाही, बोटाला लागत नाही,
ओढाल तेवढी आवळते.

तिनं डोळे मिटले.
बऱ्याच वेळानं, भिंतीकडं बघत,
माझं नाव घेतलं, अर्धंच,
"माल..."
मी तिच्या उशाशी, हातभर अंतरावर,
तरी म्हटलं, "ओ."
दोन्ही भाषांत ओ म्हणजे ओच.
एवढं एक बरं केलंय कुणीतरी.

लाईट आली. बोळ थरथरला.
तीन कांड्या कमी भरल्या. चन्नाप्पा बोलला.
त्याचंही चुकलं नाही.
तीच का ती हाक? मला नाही सांगता येत.
रांगेत तरी कधी असं घाम फुटल्यासारखं झालं नव्हतं.

शुक्रवारी लाईट गेलीच नाही.
वीस माग चालू,
आणि तरी चमचा ऐकू आला.
धावत गेले.
बसलिंगव्वाला
नुसता चहा पाहिजे होता,
साखर जास्त घालून.