पातं उचलून

काउंटीच्या ट्रॅक्टरवर एकवीस वर्षं झाली.
मिझुरीत जून आला, की रस्त्याकडेला
हिरवं दिसेल तिथे पातं खाली.
एवढंच माझं काम.

त्या सकाळी ओझेला हॉलीफील्ड आडवी उभी राहिली,
पायात गेलेल्या नवऱ्याचे बूट, हातात काचकागद.
"इथून टपालपेटीपर्यंत कापायचं नाही.
हिवाळ्यात पेरलंय मी. एकेक दाणा घासून."

बी कुणी घासतं का?
तिने खिशात उरलेले दाणे दाखवले,
काळे, चपटे, जवळजवळ चौकोनी,
खडीसारखे निबर.
"ओरखडा पडल्याशिवाय पाणी आत घेत नाहीत.
माणसंही असतात अशी," म्हणाली,
आणि माझ्याकडे न बघता घरात गेली.

तित्तरवाटाणा म्हणतो आम्ही त्याला.
कंगव्यासारखी पानं,
बोट लावलं की सावकाश मिटणारी.
जुलैत पिवळी फुलं आली,
एक पाकळी वाकडी, तळाशी लाल ठिपका.
मी डबा खायला तिथेच थांबू लागलो.

भुंगा फुलाला बिलगतो आणि नुसता थरथरतो,
थंडीत इंजिन धरत नाही ना, तसा.
मग पराग सांडतो.
मुंग्यांचं वेगळंच, त्या फुलाला विचारतही नाहीत,
पानाच्या देठावरचा गोड थेंब चाटून परत.

ऑक्टोबरात शेंगा फुटल्या.
टिक. बराच वेळ काही नाही. टिक टिक.
ओझेला खुर्ची टाकून ऐकत बसायची,
दाराशी कुणी किल्ल्या शोधत असल्यासारखं.

मग सगळं वाळलं, मुळासकट.
"दरवर्षी मरतं, तर लावायचं कशाला?"
"हे तू विचारतोस?" ती म्हणाली.
"तू तर दरवर्षी तेच गवत कापतोस."

जानेवारीत बर्फाचा नांगर घेऊन पहाटे त्याच रस्त्यावर.
दिव्याच्या झोतात, वाळक्या काड्यांखाली, लावे पक्षी.
शेपट्या आत, चोची बाहेर, गोल करून.
मोजले. अकरा.
हात आपोआप लीव्हरवर गेला.
तेवढ्या तुकड्यावर बर्फ तसाच राहिला,
आणि साहेबांना काय सांगावं ते अजून सुचलेलं नाही.

ओझेला आता लेकीकडे असते, तल्साला.
जाताना काचकागद टपालपेटीत ठेवून गेली, माझ्या नावाने,
झिजून पार गुळगुळीत झालेला.
पडलेलं बी गारठ्याने आपसूक तडकतं म्हणे,
घासावं लागत नाही.

तरी रात्री जेवण झालं
की मी मूठभर घेऊन बसतो.