बारी

एकोणीस जण, अकरा देश, एक मिनीबस.
जलव्यवस्थापन आणि शाश्वत विकास, सहा आठवडे;
पैकी एक दिवस पांझरेकाठी,
आणि त्या दिवसाची दुभाषी मी.
मानधन दीड हजार, जेवण त्यांच्यासोबत.

साक्रीच्या रस्त्याला लागलो तसा सरांनी माईक घेतला:
चार फड, एका फडात एकच पीक,
दगडी बंधारा, पाट, चाऱ्या, सांडवा,
तीनशे वर्षं, कदाचित जास्त.
मी खिडकीतून आमचा निंब शोधत होते.
बस माझ्याच गावाला चाललीय
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

लोटनबाबा पाटकरी बंधाऱ्यावर उभे,
धुतलेली टोपी, खांद्यावर फावडं,
लग्नाच्या फोटोला उभं राहावं तसे ताठ.
मला ओळखलं. काही बोलले नाहीत.

हॉलंडच्या योरिसनं पाटात यंत्र सोडलं :
सेकंदाला बहात्तर लिटर.
बाबांनी चप्पल काढून पाय घातला.
'घोटा बुडना. बस.'
मी दोन्ही सांगितलं. सगळ्यांनी दोन्ही लिहून घेतलं.

मग प्रश्न.
भागधारक कोण, असं विचारलं.
मी म्हटलं, बाबा, हाई पानी कोनं शे?
'पानी कोनंच नही. बारी शे.'
यावर मी अडले. बारी.
रांग नव्हे, हक्क नव्हे, वेळापत्रक तर नव्हेच.
रात्री दोनला कुणीतरी कंदील घेऊन येतं
आणि आपण न कुरकुरता चारी मोडून देतो,
ते.
एवढं सगळं सांगायला माझ्याकडे इंग्रजी नव्हतं.

उझबेकिस्तानची दिलफुझा पुढे आली,
बाबांच्या फावड्याला हात लावून म्हणाली, 'मीराब.'
छातीवर बोट ठेवून म्हणाली, माझे आजोबा.
बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग फावड्याकडे.
'पाटकरी,' म्हणाले.
'पाटकरी,' तिनं घोळवलं तोंडात.
पुढची पाच मिनिटं दोघं चारी दाखवत होते एकमेकांना
आणि मी नुसती उभी, बिनकामाची,
दीड हजारांत.

तिनंच नंतर विचारलं, माझ्यामार्फत:
आता फडात पाणी का फिरत नाही?
बाबांनी बोट दाखवलं. चार ठिकाणी बोअरची केसिंगं,
निळ्या पाइपाची वेटोळी, मीटरच्या पेट्या.
आठ वर्षं झाली, पाटकऱ्याचं धान्य कुणी देत नाही.
मुलगा सुरतेला, साडीच्या कारखान्यात.
जागल्या गेला, त्याची जागा कुणी घेतली नाही.

'पहिल्यांदा बारी कुणी मोडली?'
प्रश्न इंग्रजीत सरळ होता.
मी अहिराणीत तो जरा वाकवून विचारला.
बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
'सांग त्यास्ले, पोर. तुना बाप.'

पाटात एक पळसाचं पान आलं,
यंत्राला अडकलं, सुटलं, गेलं.
मी म्हटलं: सुधारित तंत्रज्ञान उपलब्ध झाल्यावर
काही शेतकऱ्यांनी वैयक्तिक उपशाचा पर्याय स्वीकारला.
योरिस भराभर लिहीत होता.
दिलफुझानं पेन उचललंच नाही.
'त्यांनी तर दोनच शब्द म्हटले,' ती म्हणाली.

जेवणात भरीत होतं, कळण्याची भाकरी, ठेचा;
पेरूचा एक जण ठेचा खाऊन रडला, सगळे हसले.
बाबांना स्मृतिचिन्ह दिलं, काचेचं, त्यावर थेंब कोरलेला.
ते फावड्यासोबत कसं धरायचं
हे त्यांना कळेना.

मी बसनं परतले नाही. घरी राहिले.
अप्पांनी विचारलं, पाव्हनं काय म्हणत होते?
म्हटलं, पाण्याचं.
'मंग?'
म्हटलं, अभ्यास चाललाय.

रात्री दोनला लाइट आली.
अप्पा बॅटरी घेऊन उठले, मागून मोटर लागली,
तिचा तो एकसुरी घरघराट
लहानपणी मला त्यावरच झोप लागायची.
कूस बदलून मी मनात जुळवत राहिले
दोन शब्दांचं दोनच शब्दांत इंग्रजी.
ते अवघड नव्हतं.
पहिलीतल्या पोराला येतं.